गोठलेल्या वायूतील धातुगुच्छ

धातूच्या दोन-चार अणूंचा गुच्छ वेगळा राखणे कठीण असते, कारण असे गुच्छ जवळ येताच परस्परांत मिसळून वाढतात आणि अभ्यासायचा आकारच नाहीसा होतो. १९५४ साली जॉर्ज पिमेंटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत यावर उपाय सुचवला. निऑन, आर्गॉन यांसारख्या निष्क्रिय वायूत हवे ते कण मिसळून मिश्रण अतिथंड पृष्ठभागावर गोठवले, की प्रत्येक कण त्या घन वायूत जागच्या जागी अडकून राहतो.

अडकलेल्या गुच्छाची रचना ओळखण्याचे साधन त्याआधीच, १९४४ साली, कझान येथे येवगेनी झाव्हॉयस्की यांनी शोधले होते. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन त्याच्या परिवलनामुळे चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. चुंबकी क्षेत्रात त्याच्या ऊर्जेच्या दोन पातळ्या होतात आणि त्यांतील अंतराशी जुळणारी सूक्ष्मतरंगांची ऊर्जा तो शोषून घेतो. यालाच इलेक्ट्रॉन परिवलन अनुस्पंदन म्हणतात. शेजारच्या अणुकेंद्रकांच्या चुंबकत्वामुळे शोषणाची रेषा फुटते. सोडियमच्या एका केंद्रकामुळे तिच्या चार रेषा होतात, आणि रेषांच्या संख्येवरून व अंतरावरून इलेक्ट्रॉन कोणत्या अणूपाशी अधिक वावरतो ते कळते.

 

१९७६ साली लिंडसे, हर्शबाख आणि क्विराम यांनी आर्गॉनमध्ये गोठवलेल्या तीन सोडियम अणूंच्या गुच्छाचे अशा अनुस्पंदनाचे वर्णपट प्रसिद्ध केले. त्यांत अजोड इलेक्ट्रॉन मुख्यतः टोकांच्या दोन अणूंपाशी आढळला, म्हणजे हा त्रिकोण समभुज नव्हता. यान व टेलर यांनी १९३७ सालीच अशी पूर्ण सममित रचना अस्थिर ठरते असे दाखवले होते, आणि त्या सिद्धांताला येथे तीनच अणूंचा पुरावा मिळाला; या सबंध इतिहासातील हा सर्वांत मोलाचा क्षण म्हणावा लागेल. १९८३ साली फ्लोरिडातील विल्यम वेल्टनर यांच्या गटाने मँगनीजच्या पाच अणूंच्या गुच्छात पंचवीस अजोड इलेक्ट्रॉन दाखवले. मात्र सोडियमच्या सम संख्येच्या गुच्छांत सारे इलेक्ट्रॉन जोडीत असल्याने ते या पद्धतीला दिसतच नाहीत.

ती उणीव १९८४ साली बर्कली येथे वॉल्टर नाइट यांच्या गटाने मोकळ्या कणशलाकेतील सोडियमगुच्छ मोजून काही अंशी भरून काढली. आठ, वीस, चाळीस अशा संख्यांचे गुच्छ विशेष विपुल आढळले. याच आठ आणि वीस अणूंच्या गुच्छांचे वितळणे पुढे पुणे विद्यापीठात दिलीप कान्हेरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकी गणिताने अभ्यासले. २००४ साली त्यांनीच गॅलियमचे छोटे गुच्छ मूळ धातूपेक्षा अधिक तापमानाला का वितळतात, याचे कारण गुच्छातील अणूंच्या सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने झालेल्या, बंधांत असल्याचे मांडले.