शेल स्क्रिप्टद्वारे ई-मेल सूचना

शेल स्क्रिप्टद्वारे ई-मेल सूचना ही लिनक्स व इतर युनिक्स-सदृश संचालन प्रणालींवर चालणाऱ्या संगणकांवर देखरेख ठेवण्याची एक पद्धत आहे. आज्ञांची क्रमवार मांडणी असलेली मजकूर फाइल, म्हणजेच शेल स्क्रिप्ट, ठरावीक वेळी आपोआप चालते, यंत्राची स्थिती तपासते आणि बिघाड आढळल्यास व्यवस्थापकाला ई-मेल पाठवते. डिस्क भरत येणे, बॅकअप अयशस्वी होणे किंवा एखादी सेवा बंद पडणे यांची माहिती मिळवण्यासाठी ही पद्धत वापरली जाते. सूचना आली नाही म्हणजे सर्व सुरळीत आहे, असे या पद्धतीत गृहीत धरले जाते. मात्र सूचना पाठवणारी यंत्रणाच बंद पडली तरीही सूचना येत नाही. ही या पद्धतीची मूलभूत मर्यादा मानली जाते.

इतिहास

युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीत ‘मेल’ ही आज्ञा उपलब्ध होती. ती एकाच यंत्रावरील वापरकर्त्यांना परस्परांसाठी निरोप ठेवण्यापुरती होती. ठरलेल्या वेळी कामे चालवणारा ‘क्रॉन’ हा प्रोग्राम युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) समाविष्ट होता. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली क्रॉनची आवृत्ती पुढे अनेक लिनक्स वितरणांत रूढ झाली. यंत्रांमधील टपालाची देवाणघेवाण ठरवणारा एसएमटीपी हा संकेत १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. एरिक ऑलमन यांचा ‘सेंडमेल’ हा टपाल पोहोचवणारा प्रोग्राम दीर्घकाळ प्रचलित राहिला. त्यानंतर ‘एक्झिम’ (१९९५) आणि विट्से व्हेनेमा यांचा ‘पोस्टफिक्स’ (१९९८) हे पर्याय आले.

कार्यपद्धती

या पद्धतीचे तपासणी, वेळापत्रक आणि पोहोच असे तीन भाग पडतात.

तपासणीसाठी सहसा प्रणालीत आधीपासून असलेल्या आज्ञा वापरतात. उदाहरणार्थ, ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्कचा किती टक्के भाग व्यापला आहे ते दाखवते. स्क्रिप्ट त्यातील आकडा वेगळा काढते, ठरवलेल्या मर्यादेशी (समजा ९० टक्के) ताडून पाहते आणि मर्यादा ओलांडली असल्यास ‘मेल’ किंवा ‘मेलएक्स’ या आज्ञेला विषय, मजकूर व पत्ता पुरवते. विषयात यंत्राचे नाव दिल्यास अनेक सर्व्हर सांभाळणाऱ्याला बिघाड कोठे आहे ते लगेच कळते.

प्रत्येक आज्ञा संपताना एक निर्गम संकेतांक देते. शून्य म्हणजे यश आणि इतर कोणताही अंक म्हणजे अपयश, असा रूढ संकेत आहे. आज्ञा नळीने, म्हणजे पाइपने, एकमेकींना जोडल्या असल्यास बॅश हा शेल केवळ शेवटच्या आज्ञेचा संकेतांक ग्राह्य धरतो. त्यामुळे विदागाराची प्रत काढणारी पहिली आज्ञा फसली, तरी ती प्रत संकुचित करणारी दुसरी आज्ञा यशस्वी झाल्याने संपूर्ण बॅकअप यशस्वी ठरतो. हे टाळण्यासाठी बॅशमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू करावा लागतो.

क्रॉनची भूमिका

क्रॉनच्या तक्त्यातील ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशी पाच वेळदर्शक स्थाने आणि त्यापुढे आज्ञा असते. कामाने पडद्यावर काहीही मजकूर दिला, तर क्रॉन तो ‘मेलटू’ या चलात नमूद केलेल्या पत्त्यावर पाठवतो. व्हिक्सी यांच्या मूळ क्रॉनमध्ये हा निर्णय मजकुरावरून होतो, निर्गम संकेतांकावरून नव्हे. त्यामुळे काहीही न छापता फसलेल्या कामाची सूचना जात नाही. नको असलेले संदेश थांबवण्यासाठी सर्व मजकूर ‘डेव्ह-नल’कडे वळवण्याची प्रथा आढळते, तिच्यामुळे खरे त्रुटिसंदेशही नष्ट होतात.

पोहोच आणि सुरक्षा

यंत्रावर टपाल पोहोचवणारा प्रोग्राम नसल्यास क्रॉनचा संदेश बाहेर जात नाही. तो असला, तरी अनेक इंटरनेट सेवा पुरवठादार व क्लाउड कंपन्या पोर्ट २५ वरून बाहेर जाणारे टपाल अडवतात. म्हणून लहान सर्व्हरवर ‘एमएसएमटीपी’सारखा हलका प्रोग्राम वापरून पोर्ट ५८७ मार्गे अधिकृत टपाल सर्व्हरकडे संदेश सोपवला जातो. त्यासाठीचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये न लिहिता, केवळ मालकालाच वाचता येईल अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. प्रेषकाची सत्यता पडताळणारे एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क हे निकष पूर्ण न झाल्यास संदेश नाकारला जातो किंवा स्पॅममध्ये जातो.

गिटलॅब घटना

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळाच्या मुख्य विदागारातील माहिती एका अभियंत्याकडून चुकून पुसली गेली. त्यानंतर नियमित बॅकअप तयारच होत नसल्याचे उघड झाले. विदागार पोस्टग्रेसक्यूएलच्या ९.६ आवृत्तीवर होते, तर प्रत काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे असल्याने काम दरवेळी फसत होते. अपयशाचे ई-मेल पाठवण्याची व्यवस्था होती. परंतु क्रॉनचे ते संदेश डीमार्कच्या निकषावर न उतरल्याने नाकारले गेले आणि बॅकअप होत नसल्याचे कोणालाही कळले नाही. घटनेच्या सुमारे सहा तास आधी वेगळ्या कारणासाठी घेतलेल्या प्रतीवरून सेवा पूर्ववत करण्यात आली. मधल्या काळातील विदागारातील नोंदी मात्र परत मिळाल्या नाहीत.

मर्यादा व उपाय

दर पाच मिनिटांनी तीच सूचना येत राहिल्यास वाचणारा तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. म्हणून मागील स्थिती एका फाइलमध्ये नोंदवून, स्थिती बदलल्यावरच संदेश पाठवला जातो. मौनाच्या समस्येवर उलट पद्धतीचा उपाय केला जातो. काम यशस्वी झाल्यावर स्क्रिप्ट दुसऱ्या यंत्राला तसे कळवते आणि ठरल्या वेळेत निरोप न आल्यास ते यंत्र इशारा देते. मूळ यंत्र पूर्णपणे बंद पडले तरी हा इशारा मिळतो. सिस्टमडी वापरणाऱ्या प्रणालींत ‘ऑनफेल्युअर’ या निर्देशाने सेवा फसताच सूचना पाठवणारे काम सुरू करता येते.

हे सुद्धा पहा

क्रॉन
बॅश
पोस्टफिक्स
एसएमटीपी