मेलेल्या घोड्याची शेपटी

विजयनगरचा राजा साळुव नरसिंह घोडे विकत घ्यायचा तेव्हा मेलेल्या घोड्याचेही पैसे मोजायचा. समुद्रात वाटेत घोडा मेला तर व्यापाऱ्याने त्याची शेपटी कापून आणायची आणि दाखवायची. शेपटी दाखवली की जिवंत घोड्याचा भाव हातात. हजार परदांवांना तीन घोडे असा त्याचा दर होता, मेले काय नि जिवंत काय. हे लिहून ठेवलं आहे फेर्नाव नुनीश या पोर्तुगिजाने. तो १५३५ च्या सुमारास विजयनगरात होता आणि स्वतः घोड्यांच्याच व्यापारात होता, त्यामुळे या बाबतीत त्याच्या शब्दाला वजन आहे.

आम्हा कारकुनांना ही गोष्ट चटकन पटते. शेपटी म्हणजे व्हाउचर! जोडपत्र असल्याशिवाय बिल पास होत नाही, हे पंधराव्या शतकातही होतंच की. पण गंमत बाजूला ठेवली तर मागे एक प्रश्न उरतो. ती शेपटी कापायचा कोण? हेलकावणाऱ्या जहाजात, पंधरावीस घाबरलेल्या घोड्यांच्या मधे शिरून, रात्री मेलेल्या घोड्याची शेपटी कापून त्याचं धूड समुद्रात लोटणारा माणूस कोण होता? गोव्याच्या घोडेव्यापारावर पुष्कळ लिहिलं गेलंय. किती घोडे, किती जकात, कुठला राजा, कुठला तह. या माणसाबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही.

मेलेल्या घोड्याचे पैसे देण्याची रीत नरसिंहाने काढली असंही नाही. त्याच्याआधी दोनशे वर्षं, १३०० च्या सुमारास, वस्साफ नावाच्या इराणी इतिहासकाराने तामिळ किनाऱ्यावरच्या पांड्य राजांचा असाच करार सांगितलाय. घोड्याचा भाव ठरलेला, २२० दिनार तांबडं सोनं. वाटेत घोडा जखमी झाला किंवा मेला तरी ती रक्कम राजाच्या खजिन्यातून मिळायची. राजे काही दानशूर नव्हते. आपल्याकडचे घोडे अंगाने लहान, अरबी घोडा इथल्या हवेत टिकत नाही, आणि घोडदळाशिवाय राज्य राहत नाही. वाटेतल्या मरणाचा धोका व्यापाऱ्यावर टाकला असता तर घोडा आणायला कोणी तयारच झाला नसता. म्हणजे हा माल वाटेत मरणार, हे दोन्ही बाजूंना पक्कं माहीत होतं.

आता तो कसा आणला जायचा ते पाहा. होर्मुझची जहाजं मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी पाहिली. लोखंडी खिळा नाही, फळ्या काथ्याने शिवलेल्या, एकच डोलकाठी, आणि वर डेक नाही. माल भरून झाला की त्यावर कातडी अंथरायची आणि त्या कातड्यांवर घोडे उभे करायचे. हिंदुस्थानात विकायचे घोडे ते हेच! वर सूर्य, खाली हलणारा माल, बाजूला खारं पाणी. घोड्याला दिवसाकाठी पंचवीस-तीस लिटर गोडं पाणी लागतं. सहा आठवड्यांचा प्रवास धरला तर एका घोड्याला हजार लिटरच्या वर झालं. वीस घोडे असतील तर हिशेब तुम्हीच करा. मधल्या बंदरांत पाणी भरून घेत असले तरी भांडी, मोजणं, वाटणं, चोरीपासून जपणं हे कुणाच्या तरी डोक्यावर असणारच.

सहा आठवडे हा आकडा मी अफानासी निकितिनकडून घेतलाय. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४६९ ते १४७२ च्या सुमारास आपल्याकडे होता. त्याने शंभर रुबल घालून एक घोडा घेतला आणि होर्मुझहून घोडे नेणाऱ्या जहाजाने सहा आठवड्यांनी चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचा स्मृतिस्तंभ आहे. तिथून हा माणूस एका घोड्यानिशी सह्याद्री चढून जुन्नरला गेला. पावसाळा तिथेच काढला. जुन्नरच्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही झालास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा दंडही. चार दिवसांची मुदत! एका खुरासानी खोजाने रदबदली केली म्हणून घोडा परत मिळाला. पुढे बिदरला जाऊन त्याने तो विकला. तोवर वर्षभर पोसावा लागला होता, त्याचा खर्चही त्याने नोंदवलाय. आपल्याकडे घोड्यांना चणे घालतात, खिचडी शिजवून त्यात साखर आणि लोणी घालून देतात, हेही नवलाने लिहिलंय. खिचडी खाणारा घोडा वाचून आपल्याला हसू येतं, पण निकितिनला ते रोज विकत घ्यावं लागत होतं. कापड न विकता पडून राहिलं तर गोदामात राहतं. घोडा न विकता राहिला तर रोज खातो.

या सगळ्याचा अर्थ मला समजावून सांगितला तो मात्र एका ट्रकवाल्याने. तीनचार वर्षांमागे धारबांदोडा तालुक्यात एका ओळखीच्या दूधवाल्याकडे गेलो होतो. आपल्याकडे कामधेनू योजनेतून अनुदान घेऊन परराज्यांतल्या म्हशी आणतात, तशा हरयाणातून मुऱ्हा म्हशी आल्या होत्या. सहा म्हशी आणि त्यांची रेडकं. जवळजवळ दोन हजार किलोमीटर. ड्रायव्हर पन्नाशीचा, तिकडचाच. म्हशी उतरवून झाल्या तरी तो चहा घ्यायला बसेना. आधी प्रत्येकीचे खूर आणि गुडघे हात फिरवून पाहिले, मग हात धुऊन आला.

मी विचारलं, "भाईसाब, सिमेंट नेणं आणि हे नेणं यात भाडं कशात बरं?"

तो हसला. म्हणाला, "बाबूजी, सिमेंट उभं राहत नाही."

मग त्याने जे सांगितलं ते असं. उभं जनावर म्हणजे उंचावरचं वजन, आणि ते स्वतःहून हलतं. वळणावर सगळ्या जणी एका अंगाला झुकल्या की गाडी त्या बाजूला ओढते, म्हणून वळण दिसण्याआधीच वेग उतरवायचा. ब्रेक दाबायचा नाही, टेकवायचा. घाटात उतरताना तर सगळा भार पुढच्या म्हशीवर येतो. त्यातली एक जरी खाली बसली तरी बाकीच्या तिला तुडवतात. म्हणून दर दोनतीन तासांनी गाडी थांबवून मागे चढून पाहायचं, बसलेली असेल तर उठवायची, आणि घाबरलेल्या म्हशींच्या मधे शिरून उठवायचं म्हणजे आपले पाय जपून. दुपारच्या उन्हात मात्र थांबायची सोय नाही. चालत्या गाडीत वारा असतो, उभ्या गाडीत भट्टी. म्हणजे ड्रायव्हरला झोप येते तेव्हा गाडी चालायलाच हवी. आणि म्हशी दुभत्या, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पिळायलाच हव्यात, नाहीतर कास सुजते. ते दूध वाटेतल्या ढाब्याला फुकट द्यायचं आणि बदल्यात म्हशींना पोटभर पाणी मागून घ्यायचं. सगळीकडे देतात असं नाही.

कागद त्याने एका जुन्या फाइलीत नीट लावले होते. पशुवैद्याचा दाखला, खरेदीची पावती, योजनेचं पत्र. हा आमच्या प्रांतातला विषय, म्हणून मी पुढे नियम काढून पाहिले. जनावरांच्या वाहतुकीचे केंद्राचे नियम १९७८ चे आहेत. एका मालगाडीत म्हणजे ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नकोत, एक राखणदार हवाच, दुसरा माल भरायचा नाही, पाय घसरू नयेत म्हणून खाली काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात, आणि जनावरांची तोंडं शक्यतो इंजिनाकडे असावीत. घोडे जहाजातून न्यायचे तर स्वतंत्र खण आणि खेळती हवा पाहिजे, असंही त्याच नियमांत आहे. मार्को पोलोच्या कातड्यांवरच्या घोड्यांसाठी हे सातशे वर्षं उशिरा आलं. नियम चांगले आहेत. पण सहा जनावरांचं भाडं आणि दोन हजार किलोमीटरचं डिझेल यांचं गणित जमवताना मालक आकडा वाढवायला सांगतो, आणि पकडला जातो ड्रायव्हर. "एक मेली तर?" मी विचारलं. "भाड्यातून कापतात," तो म्हणाला. नरसिंहाच्या शेपटीचा करार त्याला सांगावासा वाटला, पण सांगितला नाही. आणखी एक गोष्ट तो आवाज खाली करून म्हणाला. हल्ली रात्री कोणी हात दाखवला तर तो पोलीस आहे की आणखी कोण हे कळेपर्यंत छाती धडधडते. म्हशी आहेत, दुधाच्या आहेत, कागद आहेत, हे ऐकून घ्यायला समोरचा थांबायला तर हवा.

निकितिनचा असदखान मला तेव्हा आठवला.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला तेव्हा त्याची नजर या व्यापारावर होतीच. होर्मुझचे घोडे भटकळ, दाभोळ अशा बंदरांत न उतरता गोव्यातच उतरावेत, म्हणजे विजयनगर आणि आदिलशहा दोघांनाही आपल्या दारात यावं लागेल, हा त्याचा डाव. पुढे १५४७ मध्ये जुआंव द काश्त्रु या गव्हर्नराने विजयनगरशी तहच केला की गोव्याचे घोडे फक्त विजयनगरला, आदिलशहाला नाही. व्हाइसरॉय कमानीपासून वर जाणारा जुन्या गोव्याचा रुआ दिरैत आज आपण चर्च पाहायला जाताना ओलांडतो. तिथे रोज सकाळी लिलाव भरायचा आणि त्यात अरबी घोडे विकले जायचे, असं १५८० च्या दशकात इथे राहिलेल्या लिन्शोटेनने लिहिलंय. त्याच लिलावात माणसंही विकली जात होती.

जकातीची रीत व्हेनिसच्या सेझारे फेडेरिचीने सांगितलीय. ज्या जहाजावर वीस किंवा जास्त घोडे असतील त्याला बाकीच्या कुठल्याच मालावर जकात नाही. घोडे नसतील तर सगळ्या मालावर शेकडा आठ. मात्र घोडा गोव्यातून बाहेर घाटाकडे निघाला की दर घोड्यामागे ४२ पगोडा. वाचताना मला एकोणिसावा घोडा दिसतो. वीस घेऊन निघालेल्या जहाजावर एक मेला की आख्ख्या मालाला शेकडा आठ लागू होणार! तिथे शेपटी चालायची का, हे फेडेरिची लिहीत नाही. तेव्हा विसाव्या घोड्याला जिवंत मांडवीत आणण्यासाठी त्या मोतद्दारावर काय दाब येत असेल याची कल्पना करा.

हाच फेडेरिची १५६७ मध्ये आणखी दोन व्यापाऱ्यांबरोबर गोव्याहून विजयनगरला निघाला. त्या दोघांजवळ तीनशे अरबी घोडे. आठ दिवसांची वाट. तीनशे घोडे म्हणजे रोजचा तीनशे घोड्यांचा चारा, पाणी, रात्रीची राखण, घाटातली चढण. समुद्राने खारवलेल्या, आखडलेल्या पायांना एकदम सह्याद्री. फेडेरिचीने आठ दिवस एवढंच लिहून काम संपवलंय.

तोवर काळ फिरला होता. २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगर लुटलं गेलं. उरलेली सत्ता सांभाळणाऱ्या तिरुमलरायाला घोडे हवे होते. त्याने जाहीर केलं, घोडे आणा, अगदी लढाईत गेलेले आमच्या शिक्क्याचे असले तरी आणा, पैसे देतो. व्यापाऱ्यांनी आणले. पुरेसे घोडे जमल्यावर त्याने सगळ्यांना निरोप दिला, एक पैसाही न देता. ज्या गादीने मेलेल्या घोड्याच्या शेपटीवर पैसे मोजले, तिने आता जिवंत, उभ्या घोड्याचेही बुडवले. गोव्याच्या जकातीला याचा मोठा फटका बसला हे पोर्तुगीज बखरकार दियोगु द कोतुने लिहिलंय. १६२२ मध्ये होर्मुझही पोर्तुगिजांच्या हातून गेलं. व्यापाऱ्यांचं बुडालं ते पुस्तकांत आलं. त्या घोड्यांबरोबर आठ दिवस चालत गेलेल्यांना मजुरी मिळाली का, हे फेडेरिची सांगत नाही.

हंपीला गेलात तर महानवमी डिब्ब्याच्या दगडी पट्ट्या सावकाश पाहा. हजारराम देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरही घोड्यांची ओळ आहे. गाइड लोक राजाच्या आसनाकडे घाई करतात, तुम्ही थोडं मागे राहा. घोड्यांबरोबर माणसं आहेत, काही परक्या पेहरावातली, दाढी आणि टोपीवाली. मी गेलो होतो तेव्हा ऊन तिरपं होतं आणि झिजलेल्या दगडावरही हात स्पष्ट दिसत होते. त्यातल्या एकाने लगाम घोड्याच्या तोंडाजवळ अगदी आखूड धरलाय. जनावराला अनोळखी जागेत न्यायचं असलं की तसाच धरतात.