सिनेमा लावला की टीव्हीवर काळ्या पट्ट्या का येतात? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे तपासा

नवा टीव्ही घरी आला की चार-आठ दिवसांत एक तक्रार हमखास निघते. बातम्या पूर्ण पडद्यावर दिसतात, पण सिनेमा लावला की वर आणि खाली काळी पट्टी. दुकानदाराने खराब पीस दिला अशी शंका येते. बहुतेक वेळा टीव्ही चांगलाच असतो. सिनेमाचं चित्र टीव्हीपेक्षा जास्त लांबट असतं, एवढंच.

आजच्या टीव्हीचा पडदा १६:९ मापाचा, म्हणजे रुंदी १६ भाग तर उंची ९ भाग. थिएटरसाठी काढलेले बरेच सिनेमे मात्र सिनेमास्कोप असतात. त्यात उंचीच्या सुमारे २.३५ ते २.३९ पट रुंदी असते. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटीमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटीमीटर उंच असतो. त्यात असा सिनेमा पूर्ण रुंदीने बसवला तर चित्राची उंची भरते ४० सेंटीमीटरच्या आसपास. उरलेली जागा वर-खाली वाटली जाते, तीच ती पट्टी.

गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) हा आपल्या देशातला पहिला सिनेमास्कोप सिनेमा. त्याआधीचे सिनेमे जवळपास चौकोनी. म्हणून प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) लावला की पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतात. मोबाईल उभा धरून काढलेला लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावून बघा, तिथेही तेच, पण पट्ट्या फारच जाड.

रिमोटवर 'झूम' दाबलं की पट्ट्या जातात खऱ्या, पण सिनेमास्कोप चित्राचा जवळपास चौथा हिस्सा दोन्ही बाजूंनी कापला जातो. कडेला उभा असलेला माणूस अर्धाच दिसतो. जुना सिनेमा ताणून पडदाभर केला तर माणसं बुटकी-रुंद दिसतात आणि गोल टाळसुद्धा लंबगोल होतो. आमच्या मते पट्ट्या राहू द्याव्यात.

चारही बाजूंनी काळी चौकट आली असेल तर मात्र ती घालवता येते. बहुतेकदा सेट-टॉप बॉक्स ४:३ वर आणि टीव्ही १६:९ वर असतो. आधी बॉक्सच्या रिमोटने मेनूत जाऊन १६:९ निवडा. मग टीव्हीच्या रिमोटने 'पिक्चर साईज' किंवा 'आस्पेक्ट' मध्येही तेच ठेवा. दोन रिमोट, दोन वेगळ्या सेटिंग. इथेच घोळ होतो.

पडदाच बिघडलाय का, हे ओळखायला टीव्हीचा होम किंवा मेनू उघडा. तो काळ्या पट्टीच्या जागेवरही नीट दिसला तर पडदा ठीक आहे. तिथेही काळंच राहिलं, आणि बातम्या, क्रिकेट, सगळीकडे तेच असेल, तर बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन दुकान गाठा.