तारा उपसल्यावर उरते काय? : इलेक्ट्रॉनिक संगीतातील ‘पॅच’ आणि त्याची संहिता

संहिता टिकते आणि प्रयोग विरतो, हे नाट्यसमीक्षेतील एक जुने गृहीत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अशी एक कला उदयास आली, की जिच्यात प्रयोग ध्वनिफितीवर टिकला आणि संहिता नाहीशी झाली. ही कला म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझरवरील संगीत. आणि तिची संहिता म्हणजे ‘पॅच’. साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे वळून पाहावे असे आम्हांला वाटते, कारण ‘पाठ म्हणजे काय’ हा आपलाच प्रश्न तेथे वेगळ्या रूपात उभा राहतो.

१९६०च्या दशकाच्या मध्यास रॉबर्ट मूग यांनी न्यूयॉर्क राज्यात आणि डॉन बुकला यांनी कॅलिफोर्नियात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशी यंत्रे घडवली. त्यांतील प्रत्येक घटकाचे काम मर्यादित होते : एक स्वर निर्माण करी, दुसरा त्यातील काही कंपने गाळी, तिसरा त्याची तीव्रता कमीअधिक करी. हे घटक परस्परांना कसे जोडायचे, हे यंत्रात ठरलेले नव्हते. वादक लवचीक तारांनी ही जोडणी करी, आणि एका घटकातून निघणारा विद्युतदाब दुसऱ्याचे वर्तन बदलत असे. तारांच्या या जाळ्याला पॅच म्हणतात. वाद्य आणि रचना यांच्यातील सीमारेषा येथे पुसली जाते. कारण पॅच बांधणे हे एकाच वेळी वाद्य घडवणे असते आणि संगीत रचणेही असते.

अडचण होती ती स्मृतीची. या यंत्रांना आपली जोडणी लक्षात ठेवता येत नसे. तारा उपसल्या की पॅच संपला. स्टुडिओत हे चालून जाई. मंचावर, श्रोते समोर बसलेले असताना, दोन रचनांच्या मध्ये डझनावारी तारा बदलणे जिकिरीचे होते. २८ ऑगस्ट १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत मूग यांच्या वाद्यांचा कार्यक्रम झाला. त्यासाठी आधी ठरवलेले ध्वनी बटणाने निवडता येतील अशी खास सोय करावी लागली होती. मंचावर पॅच बांधणाऱ्याला म्हणूनच एक निवड आधीच करावी लागते : काय पक्के ठेवायचे, आणि काय हाताशी, बदलते ठेवायचे.

याच १९६९ साली डेव्हिड ट्यूडर अहमदाबादेस आले आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) त्यांनी मूग यंत्रणा उभी केली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या गीता साराभाई यांचा या उपक्रमाशी निकटचा संबंध होता. त्यांच्यासह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. पुढे हे काम विस्मृतीत गेले. २०१७ मध्ये पॉल पर्गस यांना संस्थेच्या संग्रहात त्या फिती सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. हा शोध मोलाचा आहे. तथापि फीत आपल्याला काय ऐकू आले ते सांगते. कोणती तार कोठून कोठे गेली होती, ते सांगत नाही.

मग तारांचा आराखडा जपला तर? स्वतः ट्यूडर यांच्या नंतरच्या कामातून याचे उत्तर मिळते. मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंचासाठी ते टेबलावर लहान लहान उपकरणे मांडून वाजवीत. १९७५च्या ‘टोनबर्स्ट’सारख्या रचनांत बाहेरून कोणताही ध्वनी आत सोडलेला नसे, उपकरणांतून निघालेला संदेश पुन्हा त्यांच्यातच फिरवला जाई आणि त्या आवर्तनातून ध्वनी उपजत. त्यांच्या निधनानंतर (१९९६) हाताने काढलेल्या आकृत्या अभ्यासकांच्या हाती आहेत. परंतु अशा आवर्तनी जोडणीत एखादी कळ किंचित फिरली तरी सारे वर्तन पालटते. आकृती अचूक असूनही रचना तिच्यात सापडत नाही. ती वाजवणाऱ्याच्या कानांत आणि सवयीत वसलेली असते.

पॅरिसच्या ‘इर्काम’ या संस्थेत १९८०च्या दशकात दुसरा मार्ग खुला झाला. मिलर पकेट यांनी ‘मॅक्स’ ही प्रणाली घडवली. तिच्यात पडद्यावरील चौकटी रेषांनी जोडून पॅच तयार होई आणि मुख्य म्हणजे तो साठवताही येई. फिलिप मानुरी यांच्या पियानो व संगणकासाठीच्या ‘प्लुटॉन’ (१९८८) या रचनेत ती वापरली गेली. स्मृतीचा प्रश्न सुटला असे वाटले. पण ज्या ‘फोर-एक्स’ यंत्रावर ध्वनीची प्रक्रिया होई, ते यंत्रच कालबाह्य झाले. तार उपसण्याऐवजी आता यंत्रच उपसले गेले होते!

१९९६च्या सुमारास पकेट यांनी ‘प्युअर डेटा’ ही मुक्त प्रणाली सिद्ध केली आणि पुढे ‘प्लुटॉन’सारख्या रचना तिच्यात नव्याने उतरवल्या. तिच्यातील पॅच साध्या मजकुराच्या रूपात साठतो : एखादी ओळ चौकटीचे नाव व स्थान सांगते, एखादी कोणती चौकट कोणत्या चौकटीशी जोडली ते सांगते. पॅच अखेर शब्दशः वाचता येण्याजोगा झाला.

तरीही येथे मूळ संहिता जशीच्या तशी जपली गेली, असे म्हणता येणार नाही. ती पुन्हा लिहिली गेली. कोणी तरी जुन्या यंत्राचा स्वभाव ओळखून, नव्या यंत्रात त्याला जागा करून दिली. हस्तलिखितांची नक्कल करणाऱ्यांनी हेच केले, आणि पाठभेद जन्मले ते त्यातूनच. पाठभेदाला आपण बहुधा दोष मानून शोधतो. पॅचचा इतिहास सुचवतो, की जेथे पाठभेद संपतात तेथे बहुतेक वेळा वाचणारेही संपलेले असतात. अहमदाबादच्या फिती आज ऐकता येतात. त्या ऐकून कोणी नव्याने तारा जोडू लागेल, तेव्हाच त्यांची संहिता पुन्हा लिहिली जाऊ लागेल.