लव्हाळेवाल्या बाई

मोरीचं सांडपाणी मागीलदारच्या अळवाला, केळीला, कर्दळीला सोडायचं, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवलं नाही. घरच्या पाण्याचं ठीक आहे हो, पण कारखान्याच्या पाण्याचं काय?

जर्मनीत केटे झायडल नावाच्या बाईंनी हे करून पाहिलं. साल १९५२, ठिकाण प्ल्योनची माक्स प्लांक संस्था. दगडी कोळशापासून कोक करताना जे पाणी निघतं त्यात फिनॉल असतं. आपण फरशीवर जंतू मारायला वापरतो त्याच जातीचं, म्हणजे नदीतल्या माशांचं काय होत असेल बघा. बाईंनी फिनॉलच्या पाण्यात लव्हाळ्याच्या जातीची एक पाणवनस्पती लावली. ती तगली आणि पाण्यातलं फिनॉल कमी झालं! पुढे दुग्धशाळांच्या पाण्यावरही प्रयोग झाले.

कौतुक सोडाच, टीकाच जास्त झाली. मला वाटतं, वीज नाही, यंत्रं नाहीत, रसायनं नाहीत, तर यात शास्त्र ते काय, असंच तज्ज्ञांना वाटलं असणार.

अर्थात बाईंचंही सगळं बरोबर नव्हतं. श्रेय त्यांनी झाडांना दिलं. बरंचसं काम खडीवर आणि मुळांवर वाढणारे जीवाणू करतात, हे नंतर कळलं. झाड त्यांना जागा देतं आणि पोकळ देठांतून थोडी हवा खाली पोचवतं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या किकुट यांनी पुढे खडीऐवजी चिकणमाती वापरली. पाणी मातीत मुरेना, वरूनच वाहायला लागलं. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये लोक पुन्हा खडीवर आले.

नागपूरच्या 'नीरी'ने याच तत्त्वावर 'फायटोरिड' नावाची पद्धत तयार केली. तिच्यात आपली कर्दळसुद्धा आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पण सगळ्याच कारखान्यांना हे चालणार नाही. जागा भरपूर लागते. जड धातू नाहीसे होत नाहीत, गाळात आणि झाडांत साठून राहतात. रंगाईच्या पाण्यातलं मीठ तर सरळ पलीकडे जातं. दूध, फळं असल्या पाण्याला मात्र उत्तम, आणि तिथेही आधीच्या टाकीतला गाळ वेळच्या वेळी काढावा लागतो, नाहीतर खडी तुंबते. वाफा बांधायला पैसे एकदाच लागतात. गाळ काढायला माणूस कायमचा लागतो, आणि तोच बहुतेक वेळा नेमलेला नसतो.