थेम्सवरील वेगवान होड्या आणि एका कादंबरीतले वाक्य

विल्यम मॉरिसची 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' ही कादंबरी प्रथम 'कॉमनवील' या समाजवादी साप्ताहिकातून १८९० साली क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक रात्री लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या आपल्या घरी झोपतो आणि जागा होतो तो भविष्यातल्या एका क्रांत्युत्तर इंग्लंडमध्ये. आपण वेगळ्याच काळात आलो आहोत हे त्याला थेम्स नदी सांगते. नदीकाठची साबणाच्या कारखान्याची धुरांडी नाहीशी झाली आहेत, शिशाचा कारखाना नाही, आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर येणारा थॉर्निक्रॉफ्टच्या कारखान्यातला ठोकाठोकीचा आवाजही थांबला आहे. भविष्याची पहिली खूण म्हणून मॉरिसने एका आवाजाचे नसणे निवडले आहे.

युटोपियावरच्या टीकालेखनात या कादंबरीतील श्रमविचार, कलाविचार, मध्ययुगाची ओढ यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. थॉर्निक्रॉफ्ट कोण, त्याच्या कारखान्यात काय ठोकले जात होते आणि तो आवाज मॉरिसला का खुपत होता, हे प्रश्न मात्र बहुधा तळटीपेपुरते उरतात. त्या तळटीपेत आपण थोडे उतरून पाहिले, तर शांत नदी आणि वेगवान होडी यांच्यातल्या संघर्षाचा एक बराच लांबचा इतिहास हाती लागतो. त्याचे एक टोक, आश्चर्य वाटेल, पण मुंबई-पुण्यापर्यंत येते.

जॉन आयझॅक थॉर्निक्रॉफ्ट (१८४३–१९२८) हा शिल्पकार आई-बापांचा मुलगा. वडील टॉमस आणि आई मेरी हे दोघेही नावाजलेले शिल्पकार. धाकटा भाऊ हॅमो हाही पुढे मोठा शिल्पकार झाला. जॉनचे हात मात्र यंत्राकडे वळले. १८६२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने 'नॉटिलस' नावाची वाफेवर चालणारी छोटी लाँच तयार केली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील वार्षिक नौकाशर्यत पटनी ते मॉर्टलेक या टप्प्यावर होते. त्या शर्यतीतल्या वल्हेकऱ्यांच्या बरोबरीने धावू शकणारी ही पहिली वाफेची लाँच मानली जाते. नदीवरच्या वेगाचा मानदंड तोवर माणसाचा दंड हाच होता. 'नॉटिलस'ने तो मोडीत काढला.

त्यानंतर चार-पाच वर्षांतच चिझिकच्या काठी थॉर्निक्रॉफ्टचा कारखाना उभा राहिला. १८७१ सालची त्याची 'मिरांडा' ही जेमतेम पंचेचाळीस फुटांची लाँच ताशी सोळा नॉटांच्या वर गेली. एवढ्याशा नौकेला एवढा वेग शक्य नाही, असे तोवर जाणकार धरून चालत होते. वजनाने हलके सांगाडे आणि वेगाने फिरणारी हलकी इंजिने यांच्या बळावर हे साधले होते. आरमारांचे लक्ष वेधले जाणे मग अपरिहार्यच होते. १८७३ साली नॉर्वेसाठी 'रॅप', आणि १८७७ साली ब्रिटिश आरमारासाठी 'लाइटनिंग' ही टॉर्पेडो बोट चिझिकलाच तयार झाली. मॉरिस हॅमरस्मिथच्या घाटावरील घरात राहायला आला तो १८७८ साली, म्हणजे कारखाना ऐन भरात असताना. नदीच्या वरच्या अंगाला, पश्चिमेस, मैलभराच्या अंतरावर पोलादी पत्र्यांवर हातोडे पडत होते. कादंबरीतला पश्चिमेचा वारा हा कवीचा अलंकार नाही. तो भूगोल आहे.

नदीला केवळ हातोड्यांचाच त्रास नव्हता. वेगाने जाणाऱ्या होडीमागे जी लाट उठते तिचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज काठावरच्या लोकांची तक्रार नीट कळत नाही. होडी पुढे जाते तेव्हा ती पाणी बाजूला सारते आणि नाळेपाशी एक लाट उभी करते. वेग वाढत जातो तसतशी ही लाट लांबत जाते, आणि अखेर होडी आपणच उभ्या केलेल्या लाटेच्या चढावर अडकल्यासारखी होते. इंजिनाचा जोर वाढवला तर तो गतीत न जाता लाटेत जातो. उथळ आणि अरुंद पात्रात हा परिणाम अधिकच तीव्र होतो. ही लाट काठावर आदळते, माती सुटते, बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटतात, वेळूंतली पाणकोंबड्यांची घरटी बुडतात, गळ टाकून बसलेल्या माणसाचा दिवस फुकट जातो. होडी निघून गेल्यावरही पाणी बराच वेळ हिंदकळत राहते. वेग ज्याचा त्याचा असतो. लाट मात्र सर्वांच्या वाट्याला येते.

या लाटेचे शास्त्रही शांत पाण्यावरच्या चाचण्यांतूनच जन्मले. १८३४ साली जॉन स्कॉट रसेल याने एडिंबराजवळच्या कालव्यावर, घोड्यांनी ओढलेली नाव अचानक थांबताच तिच्यापुढून सुटून एकटीच पुढे धावत गेलेली लाट पाहिली आणि घोड्यावरून तिचा पाठलाग केला. १८६७च्या सुमारास विल्यम फ्रूडने डेव्हनमधल्या डार्ट नदीवर 'स्वॉन' आणि 'रेव्हन' या नावांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि जहाजाच्या लहान नमुन्यावरून मोठ्या जहाजाचा अंदाज कसा बांधावा याचा पाया घातला. 'राजहंस' आणि 'डोमकावळा' अशी ही नावे ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाला नदीची जाण होती, असे म्हणायला हरकत नाही. तीन, सहा आणि बारा फुटांच्या त्या प्रतिकृतींनी डार्टची शांतता फारशी भंगली नसावी. थेम्सवर चालले होते ते मात्र पूर्ण आकाराचे प्रयोग, आणि तेही वस्तीच्या मधोमध.

त्यातच १८७० नंतर हौशी लोकांच्या वाफेच्या लाँचेस थेम्सवर वाढल्या. सुटीच्या दिवशी वल्ही मारत जाणारा कारकून आणि लाँचमधून शिट्टी फुंकत जाणारा धनिक यांची गाठ एकाच पाण्यावर पडू लागली. हा तंटा पार्लमेंटपर्यंत गेला. १८८४ साली समिती बसली आणि १८८५ साली थेम्स संरक्षण कायदा झाला. टेडिंग्टनच्या वरची थेम्स ही लोकांच्या करमणुकीसाठी जपायची नदी आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. नदी म्हणजे वाहतुकीचा रस्ता किंवा पाण्याचा साठा, एवढीच कल्पना असलेल्या काळात हे पाऊल लहान नव्हते. मात्र त्यातली मेख अशी की, संरक्षण मिळाले ते टेडिंग्टनच्या वरच्या नदीला. चिझिक आणि हॅमरस्मिथ येतात टेडिंग्टनच्या खाली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. शांतता वरच्या नदीच्या वाट्याला आली, हातोडे खालच्या नदीच्या.

कायद्यानंतर चारच वर्षांनी, १८८९ साली, जेरोम के. जेरोमचे 'थ्री मेन इन अ बोट' प्रसिद्ध झाले. आपण ते विनोदासाठी वाचतो; पण या वादाचे ते उत्तम साधनही आहे. जेरोमचा निवेदक वाफेच्या लाँचचा मनापासून द्वेष करतो. शिट्टी ऐकू आली तरी न ऐकल्यासारखे करून तिच्या वाटेत आपली होडी मुद्दाम आडवी ठेवण्यात या तिघांना परमानंद होतो. पुढे रेडिंगजवळ ओळखीच्या लोकांची लाँच त्यांना भेटते, त्यांची होडी आपल्यामागे बांधून ओढत नेते. आणि त्या क्षणापासून निवेदकाला वाटेत कडमडणाऱ्या लहान होड्यांचा संताप येऊ लागतो. वेगाविषयीचे आपले नीतिशास्त्र आपण कोणत्या होडीत बसलो आहोत यावर ठरते, हे एवढ्या थोडक्यात सांगणारे दुसरे स्थळ मला तरी ठाऊक नाही. १९०८ सालच्या केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज'मध्येही नदीकाठचा उंदीर बाटल्या फेकणाऱ्या आगबोटींच्या गोष्टी सांगतो. (आपल्या 'आगबोट' या शब्दात जहाजाच्या पोटातली आग आहे, पण तिच्या मागची लाट कोणत्याच शब्दात आलेली नाही.)

येथे मॉरिसकडे परत यायला हवे. तो यंत्रद्वेष्टा होता, असे सरसकट म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कादंबरीच्या उत्तरार्धात ही मंडळी वल्हे मारत थेम्सच्या वरच्या अंगाला जातात, तेव्हा त्यांना काही मालवाहू नावा दिसतात. त्यांना शीड नाही, वल्ही नाहीत, ओढणारा घोडा नाही. कसल्याशा अदृश्य शक्तीवर त्या चालल्या आहेत. मॉरिसने भविष्यातल्या नदीवर यंत्रशक्ती ठेवली आहे. काढून टाकला आहे तो तिचा उपद्रव. ज्या श्रमात आनंद नाही तो श्रम यंत्राने करावा, पण त्याची किंमत शेजाऱ्याच्या कानांनी आणि नदीच्या काठाने मोजू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे. निवांतपणा ही सुखवस्तू माणसाची चैन आहे, हा आक्षेप येथे रास्तपणे घेता येईल. चिझिकच्या हातोड्यांवर अनेक कामगारांची चूल पेटत होती. पण कारखान्याच्या दाराशी राहणाऱ्या गरिबालाच तो आवाज सर्वाधिक सोसावा लागतो, हेही मॉरिसला दिसत होते.

थॉर्निक्रॉफ्टचा कारखाना चिझिकहून हलला, पण मॉरिसच्या क्रांतीमुळे नव्हे. विनाशिका आकाराने वाढत गेल्या आणि लंडनच्या पुलांखालून नेणे अवघड होऊ लागले, म्हणून १९०४ साली जहाजबांधणी साउथॅम्प्टनजवळ वूल्स्टनला गेली. लहान होड्यांचे काम मात्र थेम्सवरच, हॅम्प्टनजवळच्या प्लॅट्स आयट नावाच्या बेटावर चालू राहिले. हे बेट टेडिंग्टनच्या वर आहे, म्हणजे १८८५च्या कायद्याने करमणुकीसाठी राखलेल्या नदीत. १९१० साली कंपनीने 'मिरांडा चौथी' ही पेट्रोल इंजिनाची होडी केली. ती पाणी कापत नसे, पाण्यावर उचलली जाऊन घसरत असे; तिचा वेग पस्तीस नॉटांपर्यंत गेला. लाटेच्या चढावर अडकण्याचा जुना प्रश्न तिने चढ ओलांडूनच सोडवला होता. थॉर्निक्रॉफ्टची मुलगी ब्लांश हिने आइल ऑफ वाइटवरच्या घरी वडिलांबरोबर नमुन्यांच्या चाचण्या वर्षानुवर्षे केल्या. १९१९ साली नौकास्थापत्यशास्त्रज्ञांच्या ब्रिटिश संस्थेत प्रवेश मिळालेल्या पहिल्या तीन स्त्रियांत ती होती.

१९१६ साली आरमाराने याच होडीच्या धर्तीवर टॉर्पेडो वाहणाऱ्या चाळीस फुटी मोटारबोटी मागवल्या. त्या गुप्तपणे बांधल्या गेल्या. टॉर्पेडो होडीच्या मागच्या खाचेतून पाण्यात सुटे आणि त्याच दिशेने होडीच्या मागोमाग येई. चालकाला आपल्याच अस्त्राच्या वाटेतून वेळीच बाजूला व्हावे लागे. प्लॅट्स आयटवर बांधलेल्या चौथ्या क्रमांकाच्या होडीने जून १९१९ मध्ये, ऑगस्टस एगर या तरुण अधिकाऱ्याच्या हाताखाली, क्रोनस्टाटजवळ 'ओलेग' ही रशियन क्रूझर बुडवली. करमणुकीच्या नदीत जन्मलेली होडी फिनलंडच्या आखातात क्रांतीविरुद्ध लढत होती. क्रांतीचे स्वप्न याच नदीकाठी पाहणारा मॉरिस तोवर जाऊन तेवीस वर्षे होत आली होती.

आता ते दुसरे टोक. जॉन आणि हॅमो थॉर्निक्रॉफ्ट यांची बहीण थेरेसा हिचा विवाह आल्फ्रेड ससून यांच्याशी झाला. मुंबईच्या डेव्हिड ससून यांचे हे नातू. ज्यांच्या देणगीतून पुण्याचे ससून रुग्णालय उभे राहिले, ज्यांचे नाव काळा घोड्याजवळच्या ग्रंथालयाला आहे, तेच हे डेव्हिड ससून. थेरेसा आणि आल्फ्रेड यांचा मुलगा म्हणजे युद्धकवी सिगफ्रिड ससून (१८८६–१९६७). त्याचा धाकटा भाऊ, मामाच्या नावाचाच हॅमो, १९१५ साली गॅलिपोलीच्या मोहिमेत गेला. जुलै १९१७ मध्ये सिगफ्रिडने, अंगावर लष्करी गणवेश असताना, हे युद्ध मुद्दाम लांबवले जात आहे असे जाहीर निवेदन काढले. त्याच सुमारास त्याच्या एका मामाने स्थापन केलेली कंपनी प्लॅट्स आयटवर युद्धाच्या होड्या बांधत होती. दुसऱ्या मामाने, हॅमोने, थेम्सवरून बोटीने जाताना काठावर विसावलेला एक गवत कापणारा पाहिला होता आणि त्यातून 'द मोअर' हे १८८४ सालचे शिल्प घडवले होते. एकाच घराने नदीकडून वेग घेतला, विसावा घेतला आणि निषेधही दिला.

वर्गात मॉरिस शिकवताना मी पूर्वी ते थॉर्निक्रॉफ्टचे वाक्य ओलांडून पुढे जात असे. स्वप्नातल्या समाजाची मांडणी महत्त्वाची, आवाजाचे काय, असे वाटे. आता तेथेच थांबतो. आपल्या काळातला कोणता आवाज थांबला तर आपण भविष्यात आलो आहोत हे तुम्हाला कळेल, असे विद्यार्थ्यांना विचारतो. उत्तरे लगेच येत नाहीत. सवय झालेला आवाज ऐकू येणे कठीण असते. मॉरिसला तो ऐकू येत होता, ही त्याच्या समाजवादाइतकीच मोलाची गोष्ट आहे.

टेडिंग्टनच्या वरच्या थेम्सवर आज ताशी आठ किलोमीटरची वेगमर्यादा आहे, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी. प्लॅट्स आयटवरच्या जुन्या नौकागृहांना मे २०२१ मध्ये आग लागली आणि वारसा म्हणून नोंदलेल्या त्या लाकडी छपरांची राख झाली. एगरची होडी मात्र संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. ती पाहायला येणाऱ्याला तिचा आकार दिसतो, वेगाचा आकडा वाचता येतो. तिच्या मागची लाट जपून ठेवण्याची सोय कोणत्याच संग्रहालयात नाही. ती सोय मॉरिसच्या एका वाक्यात आहे.