खनिज पोषण आणि गोपालन : दक्षिण आफ्रिकेतील 'लामसीक्ते' संशोधनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
गाईंच्या आहारात खनिज मिश्रण असावे, हा सल्ला आज सर्वमान्य आहे. मात्र खनिजांचा दूध-उत्पादनाशी व प्रजननक्षमतेशी असलेला संबंध विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रयोगांनी स्पष्ट झाला. त्यात दक्षिण आफ्रिकेतील 'लामसीक्ते' रोगावरील संशोधनाचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनाची वाटचाल व त्याची सामाजिक पार्श्वभूमी यांचा आढावा घेतला आहे.

रोग व प्रारंभिक मते :
'लामसीक्ते' म्हणजे आफ्रिकान्स भाषेत पांगळेपणाचा रोग. जनावर लुळे पडे व बहुधा दगावे. विषारी वनस्पतींमुळे हा रोग होतो, असा तर्क बराच काळ केला जाई. केप वसाहतीचे पशुवैद्यक डंकन हचन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फॉस्फेटच्या उणिवेकडे लक्ष वेधून हाडांची भुकटी खाऊ घालण्याचा उपाय सुचविला होता. उपाय योग्य होता. परंतु लुळेपणा नेमका कसा उद्भवतो, याचा उलगडा त्यातून होत नव्हता.

थायलर यांचे संशोधन :
स्वित्झर्लंडमध्ये १८६७ साली जन्मलेले आर्नोल्ड थायलर हे १९०८ मध्ये स्थापन झालेल्या ऑन्डरस्टेपोर्ट संशोधन संस्थेचे पहिले संचालक होते. फ्रायबर्गजवळील आर्मुट्सफ्लाक्ते येथील प्रयोगांतून त्यांनी व सहकाऱ्यांनी रोगाची कारणमालिका उलगडली. जमिनीत फॉस्फरस अल्प, म्हणून गवतातही अल्प. कोरड्या ऋतूत तो आणखी घटे. उणीव असलेली जनावरे माळावरील हाडे चघळत. कुजलेल्या अवशेषांतील जिवाणूंचे विष त्यांच्या पोटात जाई व लुळेपणा येई. म्हणजे मृत्यूचे निकटचे कारण विष, तर मूळ कारण जमिनीचे दारिद्र्य होते.

हाडांची भुकटी दिल्यावर हाडे चघळण्याची ओढ ओसरली. शिवाय जनावरांची वाढ व दूध सुधारले. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भुकटी न दिलेल्या गाईंपैकी सुमारे ५१ टक्के, तर दिलेल्या गाईंपैकी सुमारे ८० टक्के गाई व्याल्या. रोगनिवारणासाठी हाती घेतलेले कार्य अशा रीतीने प्रजननाच्या प्रश्नापर्यंत पोहोचले.

सामाजिक पार्श्वभूमी :
'आर्मुट्सफ्लाक्ते' या नावाचा अर्थच दारिद्र्याचे मैदान असा आहे. १९१३ च्या भूमी कायद्याने आफ्रिकी लोकांना सुमारे ७ टक्के जमिनीपुरते मर्यादित केले होते. विकतची भुकटी वापरण्यासाठी पैसा व वाहतुकीची सोय आवश्यक होती. त्यामुळे या ज्ञानाचा लाभ सर्व पशुपालकांना समान मिळणे शक्य नव्हते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

निष्कर्ष :
१. गाईची प्रजननक्षमता केवळ जातीवर नव्हे, तर जमीन व चाऱ्यावरही अवलंबून असते, हे या संशोधनाने दाखविले.
२. हाडे चघळणे ही जनावराची खोड नसून उणिवेचे लक्षण असू शकते. पशुपालकाच्या अशा निरीक्षणास अभ्यासात स्थान मिळणे आवश्यक आहे.
३. उपायाचे स्वरूप काळानुसार बदलते. गाईंमधील मेंदूच्या रोगामुळे ब्रिटनने १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या प्राण्यांची प्रथिने त्याच प्राण्यांना खाऊ घालण्यास बंदी केली. आज फॉस्फरसच्या पुरवठ्यासाठी डायकॅल्शियम फॉस्फेटसारखे पर्याय उपलब्ध आहेत.
४. उणीव प्रदेशानुसार भिन्न असते. म्हणून सर्वत्र एकच मिश्रण सुचविण्याऐवजी स्थानिक माती व चाऱ्याचे परीक्षण करणे, हाच या इतिहासाचा बोध होय.